बारा आण्यांचं खुराडं

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण ज्याने केली त्याने फक्त मसाल्याचाच हिशोब धरला, कारण कोंबडीच्या घरावर खर्च करायची आपल्याकडे पद्धतच नव्हती. खेड्यात सांज झाली की कोंबड्या डालतात, म्हणजे बांबूचं डालगं पालथं घालून वर एक दगड ठेवतात, आणि विषय तिथेच मिटतो. पाऊस आला तर डालगं गोठ्यात, ऊन आलं तर अंगणात. याहून हलकं फिरतं खुराडं अजून कुणी शोधलेलं दिसत नाही. पण हाच उद्योग अमेरिकेतल्या मिनेसोटात करायचा म्हटलं, की आधी कागदावर आराखडा निघतो, मग लाकडाच्या वखारीची फेरी होते, मग चाकांवर घरात चर्चा होते, आणि शेवटी परसात जे उभं राहतं त्यात नोव्हेंबरनंतर आपणच मुक्कामाला जावं अशी इच्छा घरच्या लोकांना होऊ लागते. कारण उघड आहे. तिथल्या उत्तर भागात जानेवारीच्या रात्री पारा उणे तिसापर्यंत घसरला तर त्यात कुणाला नवल वाटत नाही. आपल्याकडे निफाडचा पारा पाचावर आला की वर्तमानपत्रात चौकट येते. अशा थंडीत सहा कोंबड्या उघड्यावर ठेवायच्या या कल्पनेने भल्याभल्यांचा जीव कासावीस होतो. माझं म्हणणं एवढंच, की कासावीस होतो तो जीव मालकाचा. कोंबडीचं त्या थंडीबद्दलचं मत वेगळं आहे, आणि हिवाळ्यात टिकणारी फिरती खुराडी जिथे जिथे फसतात तिथे ती मालकाचं मत ऐकल्यामुळे फसतात.

फिरत्या खुराड्याला तिकडे ‘चिकन ट्रॅक्टर’ म्हणतात. त्याला इंजिन नसतं. ते काम मालकाकडे असतं. खाली तळ नसलेला एक जाळीचा पिंजरा, एका बाजूला आडोसा, एका टोकाला चाकं आणि दुसऱ्या टोकाला धरायला दांडे. कोंबड्या आज या चौकोनातलं गवत, किडे आणि बिया फस्त करतात, जमीन उकरतात, खत टाकतात, आणि उद्या सगळा संसार शेजारच्या चौकोनात. ही रीत गावोगाव पोचवण्यात व्हर्जिनियातल्या पॉलीफेस फार्मच्या जोएल सॅलेटिन यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे पिंजरे १० फूट बाय १२ फूट आणि उंची अवघी २ फूट. एका बाजूखाली दोन चाकांची गाडी सरकवायची, दुसऱ्या बाजूने ओढायचं, रोज सकाळी, ठरल्या वेळी. कल्पना इतकी सुटसुटीत की ती वाचलेल्या माणसाला आपल्याकडे कोंबड्या नाहीत हीच अडचण वाटू लागते. मात्र एक तपशील या वाचकांच्या नजरेतून हटकून सुटतो. ते पिंजरे मांसासाठी वाढवायच्या पक्ष्यांचे आणि हंगामापुरते. हिवाळा आला की सॅलेटिन यांच्या अंड्यांवरच्या कोंबड्या गोल छपरांच्या मोठ्या शेडमध्ये जाड अंथरुणावर जाऊन बसतात, आणि तेही व्हर्जिनियात, जिथली थंडी मिनेसोटाच्या माणसाला वसंत ऋतू वाटेल. थोडक्यात, ज्या गृहस्थांकडे पाहून लोक परसातला पिंजरा ओढायला शिकले, ते स्वतः थंडीत कोंबड्यांना पिंजऱ्यात ठेवून ओढत बसत नाहीत.

तरी माणसाला एकाच वस्तूत दोन्ही हवं असतं. फिरतं म्हणजे हलकं, हिवाळ्याला टिकणारं म्हणजे भक्कम. इथूनच घोडं अडायला सुरुवात होते. अर्धा इंच जाडीच्या प्लायवूडची आठ बाय चारची एक पाटी साधारण वीस किलो भरते. आडोशाच्या भिंती, छप्पर आणि तळ धरून अशा पाच-सहा पाट्या लागल्या की शंभर-सव्वाशे किलो इथेच झाले. त्यात चौकटीचं लाकूड. (अमेरिकेत ‘टू बाय फोर’ म्हणून विकलं जाणारं लाकूड मोजलं तर दीड बाय साडेतीन भरतं, हे नवख्या सुताराला सगळे तुकडे कापून झाल्यावर कळतं.) मग थंडी आत येऊ नये म्हणून दुहेरी भिंत, आणि दोन भिंतींच्या मध्ये थर्माकोल. थर्माकोल उघडा राहिला तर कोंबड्या तो आवडीने खातात, इतक्या आवडीने की महागडं खाद्य बाजूला पडतं. म्हणून त्यावर आणखी एक प्लायवूड. या दोन भिंतींमधली पोकळी उंदरांना हिवाळ्यासाठी उत्तम मिळते, म्हणून कोपऱ्यांवर पत्रा. मग काच, काचेला झडप, अंडी घालायच्या खोक्यांना फुलाफुलांचे पडदे, दारावर नावाची पाटी. हे पडदे काल्पनिक नाहीत, ते तयार शिवलेले विकत मिळतात. एवढं सगळं झाल्यावर दोन माणसं दांडे धरून ओढू लागतात तेव्हा चाकं जमिनीत रुततात आणि खुराडं जागच्या जागी राहतं. म्हणजे अर्धी अट गेली. पण हे सारं केलं ते थंडीसाठी, तेव्हा निदान थंडीची अट तरी पुरी झाली का, हे पाहायला हवं. तीही झालेली नसते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, म्हणजे आपल्याला ज्या तापात डॉक्टर बोलवावा लागेल तो तिचा रोजचा. ही भट्टी ती पिसांच्या दुलईत गुंडाळून ठेवते आणि थंडी पडली की पिसं फुलवून दुलई आणखी जाड करते. पाय उघडे दिसतात खरे, पण त्यांचीही सोय आहे: खाली उतरणारं गरम रक्त वर चढणाऱ्या गार रक्ताला वाटेतच बहुतेक ऊब देऊन टाकतं, त्यामुळे पाय थंड राहतात आणि पोट गरम. रात्री ती दांडीवर बसते ती पायांवरच बसते, पोटाची पिसं बोटांवर पसरून. चोच आणि तुरा पंखाखाली घातला की विषय संपला. यासाठी तिला मालकाकडून हवी असते ती एक रुंद, चपटी दांडी, जिच्यावर बोटं सपाट टेकतील. तेच ते टू बाय फोर आडवं टाकलं की साडेतीन इंचांची बैठक मिळते. गोल, बारीक काठी दिली तर बोटं पुढून उघडी राहतात आणि गारठतात. दांडीच्या या एका निर्णयाने जे साधतं ते थर्माकोलच्या चार पाट्यांनी साधत नाही, पण दांडीचा फोटो कोण काढतो?

थंडी तिला मारत नाही. तिला छळतो तो ओलावा. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. सहा कोंबड्यांचं दीड लिटर झालं. अंड्यात जाईल तेवढं जाईल, उरलेलं सगळं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर येतं, आणि ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं. हिवाळ्यातल्या लांबलचक रात्री हा कारभार बहुतांश खुराड्याच्या आतच चालतो. आता गार हवेत वाफ मावतच नाही. उणे वीस अंशांना घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम. मालकाने मायेने प्रत्येक फट बुजवलेली असते, त्यामुळे ही वाफ भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाखाली जमावी तशी छताला आतून जमते, गोठते, आणि सकाळी ऊन आलं की थेंबाथेंबाने खालच्या पिसांवर टपकते. भिजलेलं पीस ऊब धरत नाही. दमट हवेत तुऱ्याचं टोक गारठून काळं पडतं, आणि खालच्या ओल्या अंथरुणातून अमोनिया उठतो तो वेगळाच. बाहेर उणे वीस आणि आत उणे पंधरा, पण आतली कोंबडी आजारी आणि बाहेर झाडावर झोपलेली चिमणी ठणठणीत, असा चमत्कार त्यातून घडतो. आत माणूस डोकावला तर त्याला पाच अंशांचा फरक चटकन जाणवतो, वासाबद्दल तो काही बोलत नाही.

हे काही आजचं ज्ञान नाही. न्यू इंग्लंडमधले डॉ. प्रिन्स टी. वूड्स यांनी १९२४ साली मोकळ्या हवेच्या खुराड्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या खुराड्याची दक्षिणेकडची भिंत ही भिंतच नव्हती; तिथे नुसती जाळी होती, बर्फाळ हिवाळ्यातसुद्धा. बाकीच्या तिन्ही बाजू मात्र घट्ट बंद, आणि खोली इतकी खोल की पाठीमागच्या दांडीवर बसलेल्या कोंबडीपर्यंत वारा पोचतच नाही. पुढून हवा येते, वाफ घेऊन जाते, मागे निवांत. वारा लागू नये आणि हवा खेळावी, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलं, आणि अजूनही दर नोव्हेंबरला हजारो माणसं या दोन्हींवर एकच उपाय करतात तो म्हणजे फट बुजवणे. यात त्यांचा दोष म्हणावा तर आपणही फार लांब नाही. पुण्यात दहा अंशाला माकडटोपी निघते आणि खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र जातं. थंडी म्हणजे पांघरूण, हे समीकरण माणसाच्या कातडीने शिकवलेलं आहे. पिसं असती तर ते आपण इतक्या ठामपणे मांडलं नसतं.

यावर पहिला आक्षेप पोल्ट्रीचा थोडाफार अनुभव असलेल्या माणसाकडून येतो. कोंबड्यांना ऊब लागत नाही तर मग पिलांना बल्ब कशाला लावता? नाशिकपासून सांगलीपर्यंत कुठल्याही शेडवर पिलं आली की ब्रूडर पेटतो, पडदे खाली येतात, हे खरंच आहे. पण एक दिवसाच्या पिलाला पिसं नसतात, नुसती लव असते, म्हणून पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांच्या आसपास ऊब द्यावी लागते आणि पुढे दर आठवड्याला ती कमी करत नेतात. पिसं आली की ब्रूडर बंद. त्यानंतर आपल्या पोल्ट्रीवाल्याची सगळी लढाई उलट्या दिशेने असते. मे महिन्यात तो छतावर पाणी मारतो, गोणपाटं भिजवतो, पंखे लावतो, कारण कोंबडी थंडीला जितकी चिवट तितकीच उन्हाला नाजूक. वीस दिवसांच्या पिलाचा नियम दोन वर्षांच्या कोंबडीला लावून मिनेसोटातले लोक खुराड्यात अडीचशे वॅटचा लाल दिवा टांगतात. खाली सुकं तूस, वर तापलेला दिवा, मध्ये पंख फडफडवणाऱ्या सहा कोंबड्या: अशा दिव्यांनी खुराडी पेटतात आणि कधी खुराड्यासकट शेजारचं घरही पेटतं, हे तिथले अग्निशमनवाले कंटाळा येईपर्यंत सांगतात. बरं, ज्या वादळाच्या रात्री त्या दिव्याची खरी गरज असल्याचं सांगितलं जातं, नेमकी त्याच रात्री वीज जाते. मग ऊबेची सवय लागलेल्या कोंबड्या एकदम उणे वीसमध्ये येतात. थंडीतून आगीत आणि आगीतून पुन्हा थंडीत, असा दुहेरी विमा या दिव्याने उतरवलेला असतो. सहा कोंबड्या मिळून स्वतःच साठ वॅटच्या आसपास उष्णता देतात, फुकटात आणि वायरशिवाय, याकडे मात्र कुणी बघत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तुरे गारठतात, बोटं गळतात, कोंबड्या मरतातही, हे खोटं आहे का? नाही. पांढऱ्या लेगहॉर्नचा तुरा मोठा, पातळ आणि एका बाजूला कललेला. मेडिटरेनियनच्या उन्हासाठी तो शोभतो, मिनेसोटात तो उघड्यावर टांगलेला कान आहे. पण त्याचं उत्तर भिंतीत शोधण्याऐवजी कोंबडीत शोधावं, हे क्युबेकमधल्या एका मठातल्या साधूला सुचलं. ओका इथल्या मठातले ब्रदर विल्फ्रिड शॅटलेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच जातींच्या संकरातून शँटेक्लेर ही जात तयार केली. तिचा तुरा म्हणजे डोक्यावर ठेवलेली जेमतेम गोळी आणि चोचीखालचे लाल पदर जवळजवळ नाहीतच, म्हणजे गारठायला काही ठेवलंच नाही. १९२१ साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला मान्यता दिली. वायनडॉटही तशीच, बसक्या तुऱ्याची. ज्याला खुराड्यावर कमी खर्च करायचा आहे त्याने कोंबडी निवडताना तुऱ्याकडे बघावं. लोक बघतात रंगाकडे आणि अंड्याच्या निळ्या कवचाकडे, मग प्लायवूड वाढत जातं.

आता बांधणीच्या बाकीच्या गोष्टी, ज्यांना फार वेळ द्यायचं कारण नाही. हलकी चौकट, पत्र्याचं उतरतं छप्पर, तीन बाजूंना पातळ पण वारा अडवणारी भिंत, दांडीच्या बऱ्याच वर, छपराखाली कायमचा उघडा झरोका, आणि पुढे जाळी. जाळी मात्र षटकोनी कोंबडीजाळी नको. ती कोंबडीला आत ठेवते, रकून नावाच्या प्राण्याला बाहेर ठेवत नाही. रकूनला हात आहेत असंच समजायचं, कारण साधी खिट्टी किंवा कडी तो उघडतो. त्यामुळे अर्ध्या इंची वेल्डेड जाळी आणि दोन हालचालींत उघडणारा कोयंडा लागतो. वीझल नावाचा बारकासा शिकारी इंचभर भोकातून घुसतो. हलकं खुराडं वाऱ्याने उलटतं, म्हणून चार कोपऱ्यांना मळसूत्री खुंटे जमिनीत फिरवून बसवायचे, आणि तेही जमीन गोठण्याआधी. डिसेंबरात त्यांच्यासाठी कुदळ मोडते. आणि पाणी. विजेचा वापर कुठे करायचाच असेल तर पाण्याच्या भांड्याखालच्या छोट्या तापकावर करावा, कारण थंडीत पाण्याच्या भांड्याचा बर्फ होतो आणि तहानलेली कोंबडी खातही नाही. खाल्लं नाही की तिची भट्टी विझते. अडीचशे वॅटचा दिवा टांगणारे लोक या भांड्यातला बर्फ दिवसातून चार वेळा स्वयंपाकघरातून गरम पाणी आणून वितळवतात.

मग चाकांचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो विचारणाऱ्याचं बरोबर आहे. नोव्हेंबर ते मार्च चाकं जमिनीला गोठून चिकटलेली असतात. समजा सुटली आणि बर्फातून ओढलं, तरी त्या नव्या चौकोनात गवत नाही, किडे नाहीत, काही नाही. खुराडं एका पांढऱ्या जागेवरून दुसऱ्या पांढऱ्या जागेवर गेलं एवढीच प्रगती. शिवाय कोंबड्यांचं बर्फाबद्दलचं धोरण कडक असतं. पहिल्या बर्फाच्या सकाळी दार उघडलं की पुढची कोंबडी उंबऱ्यावर येते, एक पाय उचलते, पांढऱ्याकडे एका डोळ्याने बघते, मान वळवून दुसऱ्या डोळ्याने बघते, आणि पाय परत पिसांत ओढून घेते. मागच्या पाच जणी तिच्या पाठीवरून डोकावतात. कुणीही बाहेर पडत नाही. मालकाने वाटेवर पेंढ्याचा एक पट्टा टाकला की सहाही जणी त्या पट्ट्याच्या शेवटापर्यंत अगदी निवांत जातात आणि पेंढा संपतो तिथे रांगेत उभ्या राहतात. तेव्हा हिवाळ्यात खुराड्याने फिरू नये. त्याची फिरण्याची खरी किंमत ऑक्टोबरच्या शेवटच्या फेरीत आहे: घराच्या दक्षिण बाजूला, उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोशाला, आणि शक्यतो पुढच्या वर्षीच्या भाजीच्या वाफ्यावर नेऊन उभं करायचं. मग आत तूस आणि पेंढा थराथराने टाकत राहायचं. आपल्याकडे गादी पद्धत म्हणतात ती हीच. कोंबड्या उकरून वरखाली करतात, विष्ठा त्यात जिरते, आणि गादी कोरडी राहिली तर खालून थोडीशी ऊबही देते. एका जागी बांधलेल्या पक्क्या खुराड्याला ही जागा निवडता येत नाही, म्हणून चाकांचा खर्च वाया जात नाही. वर्षातून एकदा का होईना, ती नेमक्या वेळी वळतात.

शेवटचा आक्षेप हिशोबाचा. २०२५ च्या मार्चमध्ये बर्ड फ्लूमुळे अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलर झाला, आणि खुराडं बांधलं की अंडी फुकट, असं वाटणाऱ्यांची संख्या लगेच वाढली. हा ज्वर तिकडे जुना आहे. १८४९ मध्ये बॉस्टनला कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं, त्यानंतर लोक इतके वेडावले की जॉर्ज बर्नहॅम यांनी १८५५ साली त्या कोंबडीज्वराचा इतिहासच छापला. या गृहस्थांनी मधल्या काळात व्हिक्टोरिया राणीला कोंबड्या भेटही पाठवल्या होत्या. पण भाव वाढले म्हणून कोंबडी ज्यादा घालत नाही. भरपूर अंड्यांसाठी तिला दिवसाला चौदा-सोळा तास उजेड हवा, आणि मिनेसोटातल्या मिनेआपोलिसचा डिसेंबरातला सर्वांत छोटा दिवस पावणेनऊ तासांचा. त्यामुळे तलंगा सोडल्या तर हिवाळ्यात बहुतेक कोंबड्या पिसं बदलत आणि पेंढ्यावर उभं राहत दिवस काढतात. चुकून घातलेलं अंडंही वेळेत उचललं नाही तर गोठून तडकतं. दुहेरी भिंतीच्या, पडद्यांच्या खुराड्यातून निघालेल्या अंड्याची किंमत काढायला बसलं तर ६.२३ डॉलरचा भाव स्वस्ताई वाटेल. हलकं, अर्धं उघडं खुराडं बांधणाऱ्याचंही अंडं फुकट पडत नाही. पण त्याला एप्रिलमध्ये एक गोष्ट मिळते. जमीन सुटली की तो चार खुंटे काढतो, तळ नसलेली चौकट उचलून पुढे ओढतो, आणि मागे हातभर उंचीचा आयताकृती खताचा ढीग वाफ्यावर तसाच राहतो, फावडं न मारता. तो पसरून भाज्या काही काळ थांबवायच्या, किंवा तसाच ठेवून वर भोपळा लावायचा. ओढायला मात्र दोन माणसं लागतात. तोवर दिवस तेरा तासांच्या पुढे गेलेला असतो आणि कोंबड्या पुन्हा अंड्यावर आलेल्या असतात, त्यामुळे हिवाळाभर लांबून गंमत पाहणारा शेजारी एक डझनावर दुसरा दांडा धरायला तयार होतो.